तात्यांच्या गालातली वही

तात्यांनी आ केला आणि आधी दिसली ती त्यांची सोन्याची दाढ. लेस्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची ओढून, उजेडाकडे तोंड करून त्यांना बसवलं होतं. टेबलावर दोन काड्या, दोन इवल्या कुप्या, एक पाकीट, आणि मोबाइलवर लावलेलं घड्याळ. काडी कान कोरायच्या काडीपेक्षा लांब, टोकाला कापसाऐवजी बारीक ब्रश. ती गालाच्या आतून मिनिटभर घासायची, जरा जोर लावून, मग टोक कुपीत पाडायचं आणि झाकण घट्ट फिरवायचं. दुसरी काडी दुसऱ्या गालाला. आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. एवढाच विधी.

"एवढ्यानं कळतंय व्हय, आपण कुठनं आलो ते?" काडी तोंडात असतानाच तात्यांनी विचारलं, त्यामुळे मिनिट पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

तात्या माझे धाकटे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, मुलगा आता बघतो. २०२२ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच विमानात बसून पुतणीकडे आले. पुतणीनं आठवड्यात त्यांना खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं, त्याला कारण होतं. मला जे शोधायचं होतं ते माझ्या अंगात नव्हतंच. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, मुलाकडून त्याच्या मुलाला. लेकीला बापाचं एक्स मिळतं. म्हणजे वडिलांच्या घराण्याचा माग काढायचा तर घराण्यातला पुरुष हवा. वडील २०११ मध्ये गेले. भाऊ सांगलीत वकील आहे, पण भारतातून असले जैविक नमुने परदेशी पाठवायचे म्हणजे परवानग्यांचं लचांड, आणि तो वकील असल्यामुळे त्याला ते माझ्याआधी दिसलं. उरले तात्या.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याची सुरुवात मात्र हेळव्यापासून आहे.

आमच्या भागात सुगी संपली की हेळवी यायचा. सोबत बैल, बैलाच्या गळ्यात घंटा, आणि कापडात बांधलेली वही. सोप्यात घोंगडं टाकलं जायचं. तो मांडी घालून बसायचा आणि एका सुरात आमची वंशावळ म्हणायला लागायचा: मूळ पुरुष कोण, तो उदेपुराहून देवगिरीला कसा आला, तिथून कृष्णेच्या काठी कसा उतरला, कुळदैवत कोणतं, देवक कोणतं, मग अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे, त्यातला एक बडोद्याला गायकवाडांच्या चाकरीत गेला. आजी त्याला पायलीनं शाळू घालायची, वर धोतरजोडी. मग तो विचारायचा, "औंदा कोण जन्मलं?" आणि त्या वर्षीचं नाव वहीत चढवायचा. मी सातआठ वर्षांची असेन. माझं नाव दाखवा म्हणून हट्ट धरला. त्यानं वही माझ्यापुढे धरली, भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, "तुझं नाव तू जाशील त्या घरात." तिथंही ते नाही, हे मला लग्नानंतर कळलं. सासरी हेळवी येत नाही.

वडील गेले तेव्हा मी पोचले तिसऱ्या दिवशी रात्री. आत्यानं दारातच सांगितलं की लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, तुझं फिटलं. भावाला दहा दिवस. बडोद्याच्या भावकीलाही दहा दिवस, ज्यांना वडिलांनी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. सात पिढ्यांच्या आतली भावकी ना. त्या दिवशी राग आला होता. पुढे जीवशास्त्र वाचताना लक्षात आलं की भावकी म्हणजे वाय गुणसूत्राचीच यादी आहे, आणि सुतकाचे दिवस म्हणजे त्या यादीतलं अंतर मोजायची जुनी पट्टी.

दुसरं निमित्त घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सांगाडा सापडला. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड. त्या खड्ड्यापाशी लागलेल्या रांगेत मी पण उभी राहिले होते. डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती १९८४ मध्ये सापडली तीही इथल्याच विद्यापीठात, ॲलेक जेफ्रीज यांना, त्यामुळे गावाला या विषयाचं वेड आहे. राजाची ओळख पटली ती त्याच्या बहिणीच्या लेकी, त्यांच्या लेकी अशा आईकडून चालत आलेल्या धाग्यानं. बापाकडचा धागा ताणून पाहिला तर तुटला. रिचर्डचा पूर्वज राजा तिसरा एडवर्ड, त्याच्यापासून बापामागून मुलगा अशी कागदोपत्री वंशावळ असलेले पाच जण आज जिवंत होते, पाचांतल्या एकाचंही वाय राजाच्या वायशी जुळलं नाही. पाचातला एक तर उरलेल्या चौघांपेक्षाही वेगळा निघाला. डिसेंबर २०१४ मध्ये हे छापून आलं. मी भाजी चिरता चिरता रेडिओवर ऐकलं आणि मला हेळव्याची वही आठवली.

वाय गुणसूत्राची गंमत अशी की बाकीची गुणसूत्रं दर पिढीला पत्ते पिसावेत तशी पिसली जातात, आणि हे, टोकाचे दोन तुकडे सोडले तर, जसंच्या तसं उतरतं. फक्त नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. चुकलेलं अक्षर मग पुढच्या सगळ्या नकलांत चुकलेलंच राहतं. ज्यांनी जुन्या पोथ्यांचं काम पाहिलंय त्यांना हे नवीन नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठ बिघडत गेले होते म्हणूनच. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे आजही सारख्या चुकांवरूनच ओळखतात. इथं पोथीच्या जागी पुरुष. सारखी चूक अंगात असलेले सगळे एका बापाचे. अशा चुकांना एम८२, एम२७, झेड९३ अशी रुक्ष नावं आहेत, आणि त्यांवरून पडलेल्या मोठ्या शाखांना, म्हणजे हॅप्लोग्रुपना, इंग्रजी अक्षरं. २००२ मध्ये संशोधकांच्या एका गटानं ए ते आर अशी अक्षरं वाटून दिली, एस आणि टी नंतर आले.

असो. कुप्या अमेरिकेला गेल्या. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: नमुन्यात पुरेसा डीएनए मिळाला नाही, नवीन काड्या पाठवत आहोत.

मी स्वतःलाच दोष देत होते. मग तात्यांचं अंथरूण उचलताना उशीखाली पुडी सापडली. तंबाखू, आणि डबीत चुना. इकडे आल्यावर सोडली म्हणून सांगत होते. "तासभर खायाचं न्हाई म्हनलीस. हे कुठं खानं हाय?" त्यांचंही बरोबरच होतं. तंबाखू धरली होती डाव्या गालात, आणि मी दोन्ही गाल खरवडले होते. नमुना त्यानंच बिघडला असं प्रयोगशाळेनं म्हटलं नाही, ते मी म्हणतेय. दुसऱ्या वेळी सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायला लावून, डोक्यावर उभी राहून काड्या फिरवल्या.

निकाल ऑक्टोबरात आला, तोवर तात्या परत गेले होते. पडद्यावर आधी सदतीस आकडे. वाय गुणसूत्रावर काही जागी चारपाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तो कुठं किती वेळा येतो याचे हे आकडे. जवळचे भाऊबंद असतील तर आकडे जवळजवळ सारखे. त्याखाली शाखा: एच. मग जास्त पैसे भरून खोलातली चाचणी करून घेतली तेव्हा नक्की झालं, एच-एम८२.

त्या रात्री मी जगाचा नकाशा उघडून बसले ते अडीच वाजेपर्यंत. सगळ्यांत जुन्या फांद्या, ए आणि बी, आफ्रिकेत. त्यातली ए००, कॅमेरूनमधल्या लोकांत आजही सापडणारी, इतर सगळ्या पुरुषांपासून दोन लाख वर्षांहून आधी फुटलेली. डी हे अक्षर अंदमानच्या जारवा आणि ओंगी लोकांत, तिबेटात आणि जपानात, मध्ये हजारो मैल जवळजवळ काहीच नाही. एन फिनलंडपासून सैबेरियापर्यंत. क्यू अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत. आयर्लंडमध्ये दहातले आठ पुरुष आर१बी. ओची एक शाखा, एम९५, आपल्याकडे मुंडा भाषा बोलणाऱ्यांत, आग्नेय आशियातून आलेली. आणि एच हे आपलं भारताचं अक्षर. काश्मीरपासून केरळापर्यंत, शहरात, रानात, उंच म्हणवणाऱ्या जातींत आणि खालच्या म्हणून लोटलेल्या जातींत, कुठं कमी कुठं जास्त, पण सगळीकडे. इथं हजारो वर्षं मुरलेलं.

उदेपूर यातून सिद्धही होत नाही आणि खोटंही पडत नाही, कारण एच राजस्थानातही आहे. हे मी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजावून लिहिलं. कुणी वाचलं नाही. एकानं इंटरनेटवर 'एच' शोधलं, 'द्रविड' आणि 'आदिवासी' हे शब्द उचलून आणले, आणि प्रयोगशाळा चुकली आहे असा निकाल दिला. त्याला आर१ए हवं होतं. आर१ए म्हणजे आर्य, आर्य म्हणजे क्षत्रिय, क्षत्रिय म्हणजे आपण, अशी त्याची साखळी. आर१ए पोलंडपासून बंगालपर्यंत पसरलंय. युरोपातली फांदी झेड२८२, आपल्याकडची झेड९३, आणि ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांबरोबर इथं आली असं २०१९ पर्यंतच्या प्राचीन डीएनएच्या कामातून दिसतं. पण तेच आर१ए आंध्रच्या नल्लमला जंगलातल्या चेंचू लोकांतही सापडतं. त्यांना कोणी क्षत्रिय म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. एक अक्षर घेऊन त्यावर जात चिकटवायला जावं तर अक्षर हातातून निसटतं. हेही लिहिलं. मग दोघेजण ग्रुप सोडून गेले.

राखीगढीचं नाव निघालंच. हरियाणातल्या त्या हडप्पाकालीन गावच्या साठेक सांगाड्यांचे नमुने तपासले, त्यांतल्या एकाच सांगाड्यातून नीट डीएनए हाती लागला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. "त्यात आर१ए नव्हतं, म्हणजे बघा," असं एक गट म्हणत होता, "त्यात एच तरी कुठं होतं?" असं दुसरा. तो सांगाडा बाईचा होता. तिच्यात कुठलंच वाय नव्हतं. चारसाडेचार हजार वर्षांनी पुरुषांच्या वंशावळीवरून भांडणाऱ्यांच्या मध्ये ती पडलेली, आणि तिच्याकडे त्यांना द्यायला काही नाही. ही बाई मला फार आवडते.

तात्यांना या भांडणात रस नव्हता. त्यांना रस होता जुळणाऱ्यांच्या यादीत. पहिल्या बाराच आकड्यांवर जुळवलं की यादी लांबलचक येते, आणि तिला फारसा अर्थ नसतो. पण त्या यादीत दोन नावं हंगेरीतली होती. "हंगेरीत आपला कोन?" ते फोनवर विचारू लागले. मग मी त्यांना रोमा लोकांची गोष्ट सांगितली. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघून पश्चिमेकडे सरकत गेलेले लोक, ज्यांना युरोपनं जिप्सी म्हणून हिणवलं. २००१ मध्ये त्यांच्या चौदा गटांची तपासणी झाली, तेव्हा चौदाच्या चौदा गटांत एकच आशियाई शाखा सापडली आणि सगळे मिळून सुमारे ४५ टक्के पुरुष तिच्यातले निघाले. तीच ही, एच-एम८२. २०१२ च्या कामात तिचा माग वायव्य भारताकडे गेला. त्यांचा आणि आमचा समान बाप हजारो वर्षं मागे, म्हणजे नातं म्हणावं असं काही नाही. पण तात्यांना भाषेचं सांगितलं तेव्हा ते खुलले. रोमानीत पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मनुश. इथं इंग्लंडमधले रोमा अजून पाण्याला पानी म्हणतात. दुसऱ्या दिवशी बागेतल्या गड्यांना गोळा करून तात्यांनी हे सांगितलं असं चुलतभाऊ म्हणाला. त्यानंतर महिनाभर फोन उचलला की पहिला प्रश्न, "काय म्हनत्यात हंगेरीवालं?"

पुरुष दूर जातात, बायका तिथल्याच असतात, हा नमुना आपल्या दाराशीही आहे. पारशांचे बापाकडचे धागे इराणकडे जातात, आईकडचे बरेचसे इथलेच. अलिबागच्या आसपास तेल गाळणारे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, त्यांचंही तसंच: २०१६ च्या अभ्यासात दिसलं की साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागे मध्यपूर्वेकडचे ज्यू आणि इथले लोक मिसळले, आणि त्यात ज्यू बाजूनं पुरुष जास्त, इथल्या बाजूनं बायका जास्त. म्हणजे वायवरून माणसाचा देश ठरवायला बसलो तर कोकणातल्या त्या सगळ्या आज्या गायब. दहाव्या पिढीत आपले १०२४ पूर्वज असतात. वाय सांगतं त्यातल्या एकाविषयी.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग टोरांटोचा मुलगा आला.

बडोद्याच्या शाखेतला. ग्रुपवर माझं लिहिलेलं शांतपणे वाचणारा तो एकटा. त्याचे आजोबा भाऊसाहेब, बडोद्यात, नव्वदीचे, त्या शाखेतले सगळ्यांत थोरले. मुलानं स्वतःच विचारलं, मी पण करू का चाचणी? हेळव्याच्या वहीप्रमाणे तात्यांपासून मोजलं तर सातवा पुरुष दोन्ही शाखांचा एकच. सदतीस आकड्यांत दोनतीन ठिकाणी फरक पडला असता, फार तर चार. दोघांना वाटत होतं की वहीवर शिक्का बसेल.

२०२३ च्या मार्चमध्ये त्याचा निकाल आला. निम्म्याहून जास्त आकडे वेगळे. शाखा एल, एम२७. दक्षिण आणि पश्चिम भारतात भरपूर सापडणारी, आपल्याइतकीच इथली. पण आमची नव्हे. एच आणि एल जिथं एकमेकांना भेटतात तो पुरुष पंचेचाळीस-पन्नास हजार वर्षांमागचा. सातव्या पिढीत भेटायचा आजा तिथं जाऊन बसला.

त्यानं मला फक्त एवढंच लिहिलं: "ताई, कुणाचं चुकलं?"

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी मन पहिल्यांदा जिथं जातं तिथंच गेलं, कुठल्यातरी पणजीच्या अंगणात. तिची बाजू मांडायला ती नाही आणि मी इथं बसून तिच्यावर संशय घेतेय. रिचर्डच्या वेळीही वर्तमानपत्रांनी हेच केलं होतं, कोणती राणी, कोणता सरदार. शास्त्रज्ञ फक्त एवढंच म्हणत होते की मधल्या पिढ्यांत कुठंतरी साखळी तुटली आहे. कुठं, ते माहीत नाही.

दोन नमुन्यांवरून तुटलेली बाजू कळत नाही. तिसरा लागतो. आमच्या गावातच राहिलेली एक तिसरी शाखा आहे, आमच्या घराला जास्त जवळची, तीन घरं टाकून वाडा. त्यातला एक पुतण्या जर्मनीत इंजिनिअर. त्याला आधी सगळं सांगितलं, काय निघू शकतं तेही सांगितलं, आणि मगच काडी पाठवली. हे मी तात्यांच्या वेळी केलं नव्हतं. तात्यांना मी मूळ गाव कळेल एवढंच सांगून आ करायला लावलं होतं. ती माझी चूक, आणि ती तंबाखूपेक्षा मोठी.

पुतण्याचा निकाल: एल-एम२७. टोरांटोच्या मुलाशी सदतीसपैकी पस्तीस आकडे सारखे.

म्हणजे हेळव्याची वही बडोद्यापर्यंत बरोबर होती, दोनअडीचशे वर्षं. तुटलेली फांदी आमची.

याच सुमारास मी एक वेगळंच काही वाचत होते. २०१५ मध्ये जगभरच्या ४५६ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली गेली, त्यात दिसलं की पाचसात हजार वर्षांपूर्वी, शेती रुळल्यानंतर, पुरुषांचे वंश एकाएकी आटले होते. जिथं सतरा बायकांचा वंश पुढे गेला तिथं एका पुरुषाचा. तीन वर्षांनी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याचं कारण सुचवलं: माणसं बापाकडच्या कुळांनी राहायला लागली, कुळं एकमेकांशी लढली, हरलेलं कूळ अख्खं संपलं. थोडक्यात, भावकीची भांडणं. बांधावरून आमच्या दोन घरांत चाळीस वर्षं कोर्टात चाललेली केस मला आठवली. ज्या पुतण्याचा नमुना मी घेतला त्याच्या आजोबांशीच. एका रक्ताचे असून असं वागतात, असं आई म्हणायची.

तात्यांना सांगायचं की नाही यावर भावाशी फोनवर वाद झाला. भाऊ म्हणाला, कागद बघू आधी. वकील. तो डिसेंबर २०२४ मध्ये नाशिकला गेला. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. रामकुंडावर आलेला यजमान आपल्या हातानं किंवा कारकुनाकरवी आपलं, बापाचं, आजाचं नाव, भावांची, मुलांची नावं लिहून सही करतो. आमच्या तालुक्याचे उपाध्याय शोधायला अर्धा दिवस गेला. त्यांनी लाल फडक्यातलं बाड सोडलं, लांबट पानं, कडा पिवळ्या पडलेल्या, मोडीतली ओळ न् ओळ. शके १७९४, म्हणजे १८७२. तात्यांचे पणजोबा, विशीतले असावेत, आईबापांना घेऊन आलेले. भावानं फोटो पाठवला आणि खाली उपाध्यायांनी वाचून दाखवलेलं लिहिलं. नाव, मग बापाचं नाव, तेच, हेळव्याच्या वहीतलं. आणि त्यापुढे, दाटीवाटीनं: 'दत्तक. जनक पिता' अमुक, मौजे तमुक. 'नाते भाचा.'

बहिणीचा मुलगा. घरात मूल नव्हतं, बहिणीचा पोरगा मांडीवर घेतला. भाऊ म्हणाला, ब्राह्मणांत भाचा दत्तक घ्यायला शास्त्राची आडकाठी, आपल्याकडं शेतकरी घरांत चालायचं. हेळव्यानं पुढच्या सुगीला येऊन विचारलं असेल, औंदा कोण? सांगितलं असेल नाव. त्यानं लिहिलं. दत्तक काय आणि पोटचा काय, वहीत मुलगा तो मुलगा.

मी त्या फोटोवर बोटांनी मोठं करून करून तो शब्द बघत राहिले. पणजोबांचं वाय आलं त्या दुसऱ्या गावच्या माणसाकडून. पण आमच्या घराचं जे काही रक्त आमच्यात आहे, ते आलं त्या लेकीकडून. वाडा, बाग, बांधावरची केस, सगळं तिच्यामुळे चाललं. हेळव्याच्या वहीत ती नाही, वायमध्ये असणं शक्यच नाही, आणि नाशिकच्या बाडातही तिचं नाव नाही. 'भाचा' या दोन अक्षरांत ती आहे, तेवढीच.

तात्यांना मी सगळं सांगितलं. हंगेरी, बडोदा, नाशिक. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

"त्या गावचं नाव काय म्हनलीस?"

मी सांगितलं. आठ-दहा मैलांवरचं गाव.

"तिथल्या जत्रंला आपला नारळ जातोय," तात्या म्हणाले. "बाप म्हनायचा, का ते इचारू नका, पर चुकवू नका." मग जरा थांबून, "तिथं काडी घिऊन जाऊ नगंस आता."

गेले नाही. जाणारही नाही. टोरांटोच्या मुलानं आणि मी ठरवलं की भाऊसाहेबांना या वयात काही सांगायचं नाही, आणि ग्रुपवर तर नाहीच. चौथ्या काड्यांचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये पासपोर्टांखाली पडून आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत भाऊसाहेब गेले. वय ब्याण्णव. सोमवारी पहाटे ग्रुपवर निरोप आला, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. मीही एक जोडलं. मला सुतक नाही, दिवस मोजायचे नव्हते, कामाला गेले.

रविवारी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते फोन नेहमी तोंडाच्या फार जवळ धरतात, त्यामुळे पडद्यावर नुसता एक गाल दिसतो. डावा. त्यावर पांढरे खुंट, आठवडाभराचे. तात्या रोज सकाळी दाढी करणारे; लेस्टरला आले तेव्हाही पहिल्या दिवशी आरसा कुठं आहे विचारलं होतं.

"तात्या, दाढी?"

"सुतक हाय न्हवं," ते म्हणाले. "बुधवारी धाव्याला करीन." आणि विचारलं, तिकडं बर्फ पडलंय का.